नोकरीतील प्रगती आणि कल्याणमित्राचे कर्तव्य

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)





आपल्या मंडळात दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो. ज्यांना नोकरी लागली त्यांचाही सत्कार होतो. शाल, पुष्पगुच्छ आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ देऊन आपण त्यांचे कौतुक करतो. हे योग्यच आहे. परंतु सत्कार झाल्यावर तो मुलगा किंवा ती मुलगी कचेरीत जाते, टेबलाशी बसते, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तिचे काय झाले याची विचारपूस आपण करीत नाही. कारकून म्हणून लागलेला कारकून म्हणूनच निवृत्त झाला तर त्याच्या निरोपसमारंभाला आपण जातो. पण मधल्या तीस वर्षांत तो वर का चढला नाही, हे आपण विचारलेले नसते.

आम्हाला आज एवढेच सांगायचे आहे की, नोकरी मिळणे ही प्रगतीची पहिली पायरी आहे. पुढच्या पायऱ्या आपोआप चढता येत नाहीत. त्यासाठी नियोजन लागते, आणि त्या वाटेने आधी गेलेला कुणीतरी हात धरणारा लागतो. मोठ्या कंपन्यांत आजकाल याला ‘मेंटरिंग’ म्हणतात आणि त्यासाठी बाहेरून तज्ज्ञ बोलावतात. आपल्या परंपरेत त्याला फार जुना आणि फार सुंदर शब्द आहे. तो शब्द म्हणजे कल्याणमित्र.

आपण येथपर्यंत कसे आलो, हे थोडक्यात पाहू. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ साली, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८.३३ टक्के जागा प्रथमच राखून ठेवण्यात आल्या. पुढे १९ जुलै १९६९ रोजी १४ आणि १५ एप्रिल १९८० रोजी आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँकांचे दरवाजे आपल्यासाठी उघडले. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या. १९९५ साली ७७व्या घटनादुरुस्तीने बढतीतील आरक्षणाला घटनेत स्थान मिळाले. गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि महानगरपालिकेत अंगमेहनत करणाऱ्या बापांची मुले मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या शाखांत काउंटरवर बसू लागली. हा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. परंतु कायदा दरवाजा उघडून देतो, आत गेल्यावर कोणत्या खोलीत काय आहे हे कायदा सांगत नाही. ते माणसाने माणसाला सांगावे लागते.

एक उदाहरण देतो. कारकुनाची अधिकारीपदासाठी मुलाखत असते. प्रश्न येतो, “हायपोथिकेशन आणि प्लेज यांत फरक काय?” आता, जो कर्मचारी बारा वर्षे रोख काउंटरवर बसला, नोटा मोजल्या, स्लिपा तपासल्या, संध्याकाळी रोकड जुळवून घरी गेला, त्याने कर्जाची एकही फाइल उघडून पाहिलेली नसते. तो गडबडतो. समोरच्यांना वाटते, याची तयारी नाही. वस्तुतः हा फरक समजायला अर्धा तास पुरे. माल तारण आहे पण ताबा कर्जदाराकडेच आहे, म्हणजे हायपोथिकेशन. दुकानातील माल किंवा कर्जाने घेतलेली टॅक्सी त्याचे उदाहरण. वस्तूचा ताबाच बँकेकडे आला, म्हणजे प्लेज. सोनेतारण त्याचे उदाहरण. आणि घर-जमीन तारण असेल तर ते मॉर्गेज. कर्जविभागातल्या एखाद्या सहकाऱ्याने चहाच्या वेळेत हे सांगितले असते तर तो मनुष्य त्या दिवशी गडबडला नसता. त्याच्यात बुद्धीची उणीव नव्हती, सांगणारा नव्हता.

ज्यांच्या घरात तीन पिढ्या नोकरी आहे त्यांना हे जेवणाच्या ताटावर कळते. काका, मामा, मोठा भाऊ सांगतो की या खात्यात जा, ती परीक्षा आधी दे, अमुक परिपत्रक वाचून ठेव. आपल्या बहुतेकांच्या घरात साहेबाशी बोलायचे कसे हेही सांगणारे कोणी नव्हते. म्हणून घरातील हा रिकामा पाट मंडळाने भरून काढला पाहिजे.

भगवंतांनी ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखली होती. विनयपिटकातील महावग्गात त्याची हकीकत आहे. सुरुवातीला नव्या भिक्खूंना शिकवणारे, सावरणारे कोणी नेमलेले नव्हते. परिणामी भिक्षेला जाताना कसे वागावे, चीवर कसे नेसावे हे त्यांना कळेना, आणि लोक नावे ठेवू लागले. तेव्हा भगवंतांनी नव्या भिक्खूला उपाध्याय असावा असा नियम घातला. उपाध्यायाने शिष्याला पुत्राप्रमाणे आणि शिष्याने उपाध्यायाला पित्याप्रमाणे मानावे, असे ते नाते. कर्तव्ये दोन्ही बाजूंना होती. शिष्याने उपाध्यायाची सेवा करावी. पण शिष्य आजारी पडला तर उपाध्यायानेही त्याची शुश्रूषा करावी, त्याला पात्र-चीवर मिळवून द्यावे, त्याच्या शंका सोडवाव्यात.

यापुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. उपसेन नावाच्या भिक्खूने स्वतःला दीक्षा घेऊन एकच वर्ष झाले असताना दुसऱ्याला शिष्य केले. भगवंतांनी त्याला समज दिली आणि दहा वर्षे पूर्ण झालेल्यानेच शिष्य करावा असा नियम केला. त्यावर काही भिक्खू म्हणू लागले की, आमची दहा वर्षे झाली, आता आम्ही गुरू! प्रत्यक्षात त्यांना काही येत नव्हते. तेव्हा भगवंतांनी नियमात भर घातली की, दहा वर्षे तर हवीतच, शिवाय तो जाणता आणि समर्थही हवा. शिष्यानेही आचार्यांच्या आधाराने काही वर्षे राहावे. हुशार असेल त्याला पाच वर्षे पुरेत, ज्याला जमत नाही त्याने जन्मभर राहावे. बंधूंनो, सेवाज्येष्ठता आणि योग्यता यांवर आपल्या कचेऱ्यांत आजही वाद चालतात. त्यांतले सार संघाच्या या नियमांत आहे.

सिगालोवाद सुत्तात गृहस्थांसाठीही हाच उपदेश आहे. आचार्याने शिष्याला चांगले वळण लावावे, शिकवलेले पक्के करून घ्यावे, विद्या हातची राखून ठेवू नये, आपल्या मित्रमंडळींत त्याचे नाव चांगले सांगावे आणि त्याला सर्व बाजूंनी सुरक्षित करावे, अशी ही पाच कर्तव्ये. यांतले चौथे कर्तव्य आपण विसरतो. नुसते शिकवून भागत नाही. “हा मुलगा चांगले काम करतो, त्याला संधी द्या,” हे चार माणसांत सांगणे हाही शिकवण्याचाच भाग आहे. याच सुत्तात मालकाची कर्तव्ये आहेत. नोकराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न-वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुटी द्यावी. शाखेत, खात्यात किंवा कारखान्यात ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत, त्यांनी ही पाच कलमे टेबलाच्या काचेखाली ठेवावीत.

ही गोष्ट पोथीतच राहिली असे नाही. आपल्या बोरिवलीजवळ संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. शंभरांहून अधिक लेण्यांचा हा संघाराम हजार वर्षे नांदता होता. आपण तेथे सहलीला जातो, चैत्यगृहासमोर छायाचित्र काढतो. परंतु तेथील लहान लहान विहार नीट पाहावेत. एक ओसरी, एक खोली, दगडी बाक, बाहेर पाण्याची पोढी. आचार्य आणि शिष्य जेथे राहिले ती ही जागा आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी तेथे दाने दिली. मुद्दल कायम ठेवून व्याजातून भिक्खूंना चीवर द्यावे, अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत. बँकेत काम करणाऱ्यांनी हा शब्द लक्षात ठेवावा, कारण आजच्या कायम ठेवीचा तो पूर्वज आहे. नवव्या शतकातील तेथील शिलालेखात पूजा, दुरुस्ती आणि चीवर यांच्याबरोबर ग्रंथांसाठीही द्रम्म, म्हणजे त्या काळचे नाणे, वेगळे काढून ठेवल्याची नोंद आहे. शिक्षणाचा खर्च आयत्या वेळी वर्गणी काढून करायचा नसतो, त्याची तरतूद आधी करायची असते, हे आपल्या पूर्वजांना कळत होते.

बाबासाहेबांच्या आयुष्यातही कल्याणमित्र होता. मुंबईतील चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा पुस्तक वाचत बसलेला दिसे. विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांनी त्याची चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारसभेत केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. येथपर्यंतची गोष्ट आपण सर्व सांगतो. पुढची गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा केळुस्करांनी महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे गुण ओळखणे, वाचनाला दिशा देणे आणि योग्य ठिकाणी शब्द टाकणे ही तिन्ही कामे केळुस्करांनी केली. केळुस्कर आपल्या समाजाचे नव्हते, सयाजीरावही नव्हते. कल्याणमित्राला जात नसते. आपणही इतरांच्या मदतीला संशयाने पाहू नये आणि इतरांच्या मुलांना मदत करताना हात आखडू नये.

पुढे स्वतः बाबासाहेबांनी काय केले? १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. त्या वर्गांत पदवी घेऊन कित्येक कारकून पुढे गेले. १९५६ च्या जुलैमध्ये त्यांनी राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी मुंबईत प्रशिक्षण विद्यालय काढले. पक्षात माणसे आहेत, ती आपोआप तयार होतील, असे त्यांनी मानले नाही. नोकरीच्या बाबतीत मात्र आपण तसे मानून बसलो आहोत.

आता प्रत्यक्ष काय करावे, याचा आराखडा आम्ही मंडळापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट नोंदीची. मंडळाच्या सभासदांत कोण कोठे, कोणत्या पदावर, किती वर्षे आहे, कोणती परीक्षा राहिली आहे, याची एक वही करावी. बँक, विमा, रेल्वे, महानगरपालिका, रुग्णालये, त्याचप्रमाणे अंधेरीच्या सीप्झमधील आणि खाजगी कंपन्यांतील मुलेही त्यात यावीत. जेथे आरक्षण नाही तेथे मार्गदर्शनाची गरज अधिक आहे. कंत्राटी कामावरील मुलांना तर ती सर्वांत जास्त आहे.

दुसरी गोष्ट जोडीची. एका जाणत्या सभासदाकडे दोनच तरुण सोपवावेत. दोघांपेक्षा अधिक घेतले की भाषण होते, मार्गदर्शन होत नाही. शक्यतो मार्गदर्शक त्या तरुणाचा प्रत्यक्ष वरिष्ठ नसावा, म्हणजे तरुणाला अडचण मोकळेपणाने सांगता येते. मुदत एक वर्षाची ठेवावी. वर्ष संपल्यावर दोघांनाही पटले तर पुढे चालवावे, न पटले तर मन न दुखावता बदलावे.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटी असते. त्यांतला एक शनिवार, दोन तास, विहारात बसावे. प्रत्येक भेटीत तीनच प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात नवीन काय शिकलास? कोठे अडलास? पुढच्या महिन्यात काय करणार? उत्तर वहीत लिहावे. न लिहिलेले नियोजन पहिल्या पावसात वाहून जाते.

चौथी गोष्ट परीक्षांची. बँकेतील मुलांनी जेएआयआयबी आणि त्यानंतर सीएआयआयबी या परीक्षा लवकर द्याव्यात. १९२८ साली स्थापन झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स ही संस्था त्या घेते. तिचे नाव आता इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स असे असून कार्यालय येथे कुर्ल्यालाच आहे. जेएआयआयबीला आता चार विषय आहेत. प्रत्येकात ५० गुण लागतात. किंवा एकाच प्रयत्नात प्रत्येकी किमान ४५ आणि एकूण सरासरी ५० टक्के असली तरी उत्तीर्ण करतात. आमच्यासारख्या कला शाखेच्या पदवीधराला यांतला हिशेबशास्त्राचा पेपर डोंगरासारखा वाटतो. तो वाणिज्य शाखेच्या सभासदाने आठ रविवारांत शिकवता येण्याजोगा आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी वाचन जड जाते. त्यांनी रोज एक परिपत्रक मोठ्याने वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगावा. मार्गदर्शकाने तो फक्त ऐकावा आणि चुकेल तेथे दुरुस्त करावा.

पाचवी गोष्ट कामाच्या फेरपालटाची, आणि ही शाखेतच घडली पाहिजे. आपले जे बांधव आज अधिकारी आहेत त्यांनी आपल्या हाताखालच्या सर्वांसाठी, जात न पाहता, वर्षाचा तक्ता करावा. कोण किती महिने रोख विभागात, कोण कर्जात, कोण खाती उघडण्याच्या टेबलावर, कोण थकीत कर्जांच्या वसुलीत, हे आधी लिहून लावावे. एकच माणूस एकाच टेबलावर वर्षानुवर्षे बसला तर त्या टेबलाचे काम सुरळीत चालते, पण तो रजेवर गेला की शाखा अडते आणि त्याची स्वतःची वाढ तर केव्हाच थांबलेली असते. नव्याने आलेल्याला पहिले तीन महिने एका अनुभवी कर्मचाऱ्याजवळ बसवावे. ग्राहक येण्यापूर्वी आठवड्यातून एक दिवस वीस मिनिटे काढून नवे परिपत्रक सर्वांनी मिळून वाचावे. ते समजावून सांगण्याची पाळी प्रत्येकावर येऊ द्यावी. शिकवायला उभे राहिले म्हणजे माणूस खरा शिकतो.

आता एका नाजूक विषयाला हात घालतो. बढतीची यादी निघते तेव्हा आपल्यातील अनेक लायक माणसे अर्जच करीत नाहीत. बदली होईल, मुलांची शाळा मोडेल, आईवडील म्हातारे आहेत, डोंबिवली-विरारपलीकडे कधी राहिलो नाही, अशी कारणे असतात. ही कारणे खोटी नाहीत. भगिनींच्या बाबतीत तर ती दुप्पट खरी आहेत. घरातील सर्वांचा डबा करून सव्वाआठची लोकल पकडणाऱ्या स्त्रीला ‘अभ्यास कर’ असे नुसते सांगणे म्हणजे थट्टाच आहे. म्हणून बढतीचा निर्णय त्या एकट्या व्यक्तीवर सोडू नये. मार्गदर्शकाने घरी जावे, कुटुंबाशी बोलावे. परीक्षेच्या आधीचे दोन महिने घरातील कामे कोण वाटून घेणार, बदली झाली तर आईकडे कोण पाहणार, हे आधी ठरवावे. बदली होऊन गेलेल्या सभासदाशी गाठ घालून द्यावी, म्हणजे परगावची भीती कमी होते. इतके करूनही कुणी नको म्हटले तर त्याचा मान ठेवावा. कारकून राहणे हा कमीपणा नाही. पण न विचारता, न कळता, केवळ भीतीपोटी मागे राहणे हे समाजाचे नुकसान आहे. जागा रिकामी राहिली की तिचा दोष योग्य उमेदवार मिळत नाहीत असा आपल्याच माथी मारला जातो.

मार्गदर्शकांसाठीही चार पथ्ये आहेत. शिष्याकडून घरची कामे करून घेऊ नयेत. त्याने सांगितलेली अडचण दुसऱ्याकडे बोलू नये. उपकाराची आठवण करून देऊ नये, आणि संघटनेच्या निवडणुकीत त्याचे मत गृहीत धरू नये. तो आपल्यापुढे गेला तर मनापासून आनंद मानावा. बौद्ध धम्मात याला मुदिता म्हणतात, आणि चार ब्रह्मविहारांत आचरायला ती सर्वांत अवघड आहे, असे आमचे मत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आमची अजून नोकरीच नाही. पण कल्याणमित्र शोधण्याची सवय आत्तापासून लागते. बँकांच्या सामाईक भरतीसाठी आयबीपीएसची परीक्षा द्यावी लागते. मागच्या वर्षी जो उत्तीर्ण झाला तो तुमचा पहिला मार्गदर्शक. त्याच्याकडे जा, त्याचे वेळापत्रक पाहा, त्याने सोडवलेले पेपर मागा. आणि तुम्ही उत्तीर्ण झालात की तुमच्या मागच्याला वेळ द्या. दहावीच्या मुलाला गणित शिकवणारा बारावीचा मुलगाही कल्याणमित्रच आहे.

मंडळाला शेवटी एक विनंती. कान्हेरीच्या दानपत्रातल्यासारखी ग्रंथांसाठी एक छोटी अक्षयनीवी आपण काढावी. मुद्दल बँकेत ठेवावे आणि व्याजातून परीक्षेची पुस्तके व गरजूंची परीक्षा-फी भागवावी. पुस्तके वापरून परत करायची, म्हणजे दरवर्षी नव्या हातात जातील. नोंदवही आजच उघडली आहे. मार्गदर्शन करू इच्छिणाऱ्यांनी एका पानावर आणि मार्गदर्शन हवे असणाऱ्यांनी समोरच्या पानावर नाव लिहावे. पुढील वर्षावासात ही वही पुन्हा सर्वांसमोर वाचावी आणि किती जोड्या टिकल्या, किती जण परीक्षा उत्तीर्ण झाले, किती जणांनी बढतीचा अर्ज केला, हे सांगावे. आनंदाला भगवंतांनी सांगितले होते की, कल्याणमित्रता म्हणजे श्रेष्ठ जीवनाचा अर्धा भाग नव्हे, ते संपूर्णच आहे. त्या वचनाचा हिशेब आपण वर्षातून एकदा तरी मांडू या.



नमो बुद्धाय! जय भीम!